बांधीतला सूत्रधार

उर्वशीकडची दीड एकर धानाची बांधी काढून घ्यायची, असं मारबतीच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता दडमलांच्या छपरीत एकमताने ठरलं. आता हे ठरलंच नाही असं धरून चालावं. घरातल्यांनीही तसंच धरलं. पोळ्याचा दुसरा दिवस होता, कढईत वडे होते, आणि ते तळून होण्याआधी तळणारीला असली बातमी सांगण्याची कोणाची छाती नव्हती.

एकमत झालं ते असं: सासरे मुखरूभाऊ बोलले, त्यांचे धाकटे भाऊ वामनराव 'बरोबर हाये' म्हणाले, सासू मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला आणि नवरा प्रफुल याने मोबाइलकडे पाहिलं. प्रफुलने मोबाइलकडे पाहिलं की तो त्याचा होकार, अशी या घराची जुनी समजूत होती. मोबाइल बंद होता, हे फक्त उर्वशीला माहीत होतं. तिनेच तो चार्जरवरून काढून आपला लावला होता.

छपरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. तिच्यातून उंदीर यायचे-जायचे, तर शब्द कशाला थांबतील? उर्वशीने सगळं ऐकलं आणि वड्याच्या पिठात दुसऱ्यांदा मीठ टाकलं. चुकून नाही.

मिरगाच्या आधी मुखरूभाऊंनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. एक हंगाम. दाणेदार जहर टाकायचं नाही, फवारा मारायचा नाही, युरियाची चिमूटही नाही, आणि धान उभं करून दाखवायचं. झालं तर दीड एकर कायमची उर्वशीची, नाही झालं तर परत. तीन वर्षं मागून मिळालेला हा होकार होता आणि तोही मुखरूभाऊंना ताप भरला होता त्या दिवशी. उर्वशीने ताप उतरायच्या आत तो चार जणांना सांगून टाकला होता.

रोवणा झाला, रोपं बांधीत लागली, महिनाभर धान छान हललं, आणि मग बांधीच्या मधोमध पिवळे चट्टे उठले. शेणाचं पाणी झालं, गोमूत्र झालं, गूळ-बेसनाचं आंबवण झालं. चट्टे वाढतच गेले. फक्त पश्चिमेचा एक कोपरा काही दिवसांपूर्वी अचानक हिरवागार झाला होता. त्या कोपऱ्याकडे पाहून उर्वशी दिवसातून दोनदा हसायची. आपलं आंबवण लागू पडलं, उरलेलं शेतही आज ना उद्या वळेल, असा तिचा हिशेब होता.

घराचा हिशेब वेगळा होता. उर्वशीचं माहेर आलापल्लीचं. बाप वनखात्याच्या सागाच्या रोपवाटिकेत. लहानपणापासून तिने रोप पाहिलं ते उपटूनच पाहिलं. वर पानं कशीही असोत, मूळ बघितल्याशिवाय बाप रोप गाडीत चढू द्यायचा नाही. तीच सवय घेऊन ती इथे आली. उभं धान उपटायची, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यात मुळं धुवायची, उन्हाकडे धरून एक डोळा मिटून बघायची, मग पिशवीत घालून मिरचीच्या डब्यामागे ठेवायची. निपुत्रिक बाई दुसऱ्याचं मूल निरखते तसं ती मुळं निरखते, असं शेजारणीने एकदा म्हटलं. ते घरात पोचलं आणि त्यानंतर मनकर्णाबाई मिरचीचा डबा स्वतःच काढायला लागल्या.

मुळांच्या टोकाला गाठी होत्या. मासोळीच्या गळासारखं टोक वळलेलं आणि वळणावर गाठ. उर्वशीने असं आधी पाहिलं नव्हतं. तिने मुळं आणि माती कृषी सहायक मयुरी मॅडमकडे तपासायला दिली. फॉर्मवर नंबर लिहायचा होता. उर्वशीचा रिचार्ज संपलेला, प्रफुलचा मोबाइल नेहमीप्रमाणे बंद, म्हणून वामनरावांचा लिहिला.

तर साडेअकराला वामनरावांचा मोबाइल वाजला.

खैरबोडीत नीट बोलण्याइतकी रेंज एकाच ठिकाणी यायची, दडमलांच्या खताच्या ढिगावर. वामनराव धोतर वर धरून चढले. खाली छपरीतून सगळे बघत होते. उर्वशीही झारा हातात घेऊन दारात आली.

"हां, बोला जी मॅडम! ... नमुन्यात काय? ... सूत्र? ... सूत्र काय म्हणता? ... आढळले!" वामनरावांनी दुसऱ्या कानात बोट घातलं. "किती? ... लय? ... कुठून आले? ... घरच्याच बांधीतून? ... हॅलो? हॅलो?"

फोन कटला. वामनराव ढिगावरच थोडा वेळ उभे राहिले. मग उतरले. चढले होते ते शेतकरी होते. उतरले ते वेगळेच कोणी होते.

"दादा," ते म्हणाले, "सूत्रधार आढळला."

"काय धार?" मुखरूभाऊ म्हणाले.

"सूत्रधार. टीव्हीवर नाई का सांगत, मुख्य सूत्रधार फरार. आपला फरार नाई. घरातच हाये. अन् एक नाई, लय हायेत म्हणते."

छपरीत चार माणसं होती. प्रत्येकाने उरलेल्या तिघांकडे पाहिलं.

उर्वशीच्या हातातला झारा थांबला. सूत्रकृमी! दोऱ्यासारखा किडा, डोळ्याला न दिसणारा, मातीतून मुळात शिरणारा. नागभीडच्या प्रशिक्षणात हा शब्द तिने ऐकला होता, वहीत लिहिलाही होता. तिने सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की तीन आठवड्यांत पहिल्यांदाच या घरात कोणी तिच्याकडे बघत नाहीये. सगळे एकमेकांकडे बघतायत. तिने तोंड मिटलं आणि वडे उलटले.

"मी पहिलेच म्हणलो होतो," वामनराव बाजेवर बसत म्हणाले. ते कधीच काही म्हणाले नव्हते. "हे आपोआप होत नाई. कोणीतरी करून राह्यलं."

"करणी म्हणता का भाऊजी?" मनकर्णाबाईंनी आवाज खाली आणला.

"करणीचा रिपोर्ट सरकार देत नाई, वहिनी. हे मॅडमनं सांगतलं."

याच वेळी फाटकातून कय्यूमभाई आत आले. कय्यूमभाई नागभीडचे, ट्रॅक्टरवाले. गेली वीस वर्षं दडमलांची चिखलणी त्यांच्याच ट्रॅक्टरने व्हायची आणि मारबतीच्या दिवशी ते वडे खायला न चुकता यायचे. यंदा त्यांची वेळ चुकली.

"सलाम भाऊ. झाले का वडे?"

"बसा," वामनराव म्हणाले. "तुमाले काही विचारायचं हाये."

कय्यूमभाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "विचारून खायचं का खाऊन विचारता?"

"यंदा चिखलणी कोणी केली?"

"मीच केली न, भाऊ. तुम्हीच तं धुऱ्यावर बसून बिडी पीत होते."

"माह्या बिडीचं सोडा. ट्रॅक्टरच्या चाकाले माती कोणाची होती?"

"तुमचीच. मी चक्के धो के लाया था, कसम से. पहिले तुमच्या वडलाची, झिंगूआजाची बांधी चिखलवली, मंग तिथूनच सीधा बाकीच्या. चक्के मधात धुवायचे नाई असा हुकूम हाये."

"कोणाचा हुकूम?" वामनराव पुढे झुकले.

"मुखरूभाऊचा. बीस साल से."

मुखरूभाऊ उठून बसले. "मंग? बापाची माती सगळ्या बांधीत फिरली पायजे म्हणून सांगतलं. बापाची माती फिरवणं गुन्हा हाये का?"

"मी गुन्हा म्हणलो का, दादा? मी फक्त लिहून घेऊन राह्यलो." वामनरावांच्या हातात कागद नव्हता.

"तू मले विचारतं?" मुखरूभाऊंचा आवाज चढला. "आधी तुह्या धुऱ्याचं सांग."

"कोणता धुरा?"

"सूनबाईच्या बांधीला लागून हाये तो बांध. तो चालते. मी बावीस सालापासून पाहून राह्यलो. धुरा असून चालते."

वामनरावांनी गमछ्याने तोंड पुसलं. दोन-तीन माशा उडाल्या. कय्यूमभाईंनी हळूच ताटातला एक वडा उचलला, चावला, आणि चेहरा अजिबात न बदलता पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"वीतभर," वामनराव शेवटी म्हणाले.

"दरवर्षी वीतभर?"

"दरवर्षी नाई जी! ज्या साली पाणी नाई पडलं त्या साली नाई सरकवला. माणुसकी हाये का नाई काही?" मग उर्वशीकडे वळून ते घाईने म्हणाले, "पण सूनबाई, धुरा सरकवल्यानं धान पिवळं होत नाई. कमी होते. पिवळं नाई होत."

उर्वशीला हसू येत होतं आणि रागही येत होता. आपली दीड एकर दीड एकर भरत नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून जाणवत होतं. तरी ती गप्प राहिली. जेवढं आणखी निघेल तेवढं निघू द्यावं, असं तिला वाटलं. ही तिची चूक होती, कारण पुढचं जे निघालं ते तिला नको होतं.

"मी सांगतो," प्रफुल म्हणाला. त्याने बंद मोबाइल बाजेवर उलटा ठेवला. "युरिया मी टाकला."

"कुठी?" मुखरूभाऊ.

"तिच्या बांधीत. बोडीकडल्या कोपऱ्यात. तीन वेळा."

कढईतला वडा काळा होत होता. उर्वशीने तो काढला नाही.

पश्चिमेचा कोपरा बोडीकडेच होता.

"काऊन?" तिने विचारलं. आवाज एवढा बारीक होता की वामनरावांना आपल्यालाच विचारलंय असं वाटलं आणि ते 'मी नाई' म्हणाले.

"तू रोज तिथी जाऊन उभी राहत होती," प्रफुल म्हणाला. "बाबा बांधी काढून घेतीन असं दिसूनच राह्यलं होतं. म्हणलं, थोडं तरी हिरवं दिसू दे. तू त्या कोपऱ्याजवळ हसायची. मंग मी अजून टाकला."

"मी आंबवणाला हसत होते," उर्वशी म्हणाली.

"माहीत हाये मले."

"बायांना दाखवलं मी तो कोपरा. बचत गटातल्या अकरा बायांना. त्यांनी आपापल्या घरी गूळ-बेसन भिजत घातलं."

प्रफुलने मोबाइल सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"हा सूत्रधार झाला," वामनराव समाधानाने म्हणाले. "एक सापडला. मॅडम लय म्हणाली होती."

"तोंड बंद करा भाऊजी!" मनकर्णाबाई एकदम ओरडल्या. एवढ्या मोठ्याने त्या गेल्या वर्षी पेटीच्या किल्लीवरून ओरडल्या होत्या, त्यानंतर आज. "पोराले काऊन बोलता? मी टाकली. माती मी टाकली."

आता कय्यूमभाईंनी तांब्या खाली ठेवला.

घरात कोणाला नवी बांधी मिळाली की झिंगूआजाच्या बांधीतली मूठभर माती तिच्यात टाकायची, असा दडमलांचा रिवाज होता. झिंगूआजा म्हणजे मुखरूभाऊ आणि वामनरावांचे वडील. त्यांनी बोडीच्या वरच्या अंगाला एक उंच बांधी तयार केली आणि सांगितलं, 'घराचे पऱ्हे इथीच टाकायचे. माहा हात लागला हाये.' तेव्हापासून अडतीस वर्षं घराची सगळी धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, त्याच एका तुकड्यात टाकले जायचे आणि तिथून उपटून सगळ्या बांध्यांत रोवले जायचे. आजा जाऊन नऊ वर्षं झाली होती. बांधीला त्यांचंच नाव होतं आणि तिथे चप्पल घालून कोणी जात नव्हतं.

"मूठभर टाकली न? रिवाजच हाये तो," मुखरूभाऊ म्हणाले.

"मूठभर आधी टाकली. मंग तिचं धान पिवळं पडायले लागलं. मले वाटलं, नजर लागली पोरीले, मुळं उपटून पाहते म्हणून लोकं बोलून राह्यले. म्हणून सोमवारी घमेलंभर टाकली आजाची माती. तं अजून पिवळं झालं. मंग दुसऱ्या सोमवारी दोन घमेले." त्यांनी पदर तोंडाला लावला. "काल सोमवार होता. काल चार टाकले."

उर्वशी दाराच्या चौकटीला टेकली. तीन आठवडे सासू आपल्यावर नजर ठेवून आहे, एवढंच तिला दिसत होतं. पहाटे ती बांधीकडून येते, तिच्या पायाला चिखल असतो, विचारलं की 'गाय पाहून आली' म्हणते. उर्वशीने मनात काय काय रचलं नव्हतं! लिंबं, टाचण्या, काळी बाहुली. एकदा तर तिने धुऱ्यालगत खोदून पाहिलं होतं. माती तेवढी निघाली होती, आणि मातीवर संशय घ्यायचं तिला सुचलं नव्हतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मला सांगायचं न."

"तू कुठी सांगतं मले काही? मुळं मिरच्यांच्या मागं लपवतं. मले वाटलं तू काही करून राह्यली. अन् मी करून राह्यली ते तुले समजलं तं तू थांबवशीन."

बाहेर स्कूटी थांबल्याचा आवाज आला. फोन कटला म्हणून मयुरी मॅडम स्वतः आल्या होत्या. हातात सरकारी फाइल, डोक्यावर स्कार्फ, आणि छपरीतली सहा तोंडं बघून दारातच थबकल्या.

"कोणी गेलं का जी?" त्यांनी हळू विचारलं.

"कोणी गेलं नाई. सूत्रधार सापडून राह्यले," वामनरावांनी बाज पुढे सरकवली. "दोन कबूल झाले. माहा धुरा धरला तं अडीच. तुमच्याकडं किती हायेत ते सांगा, म्हणजे आमाले समजते कितीक राह्यले."

मयुरी मॅडमनी फाइल उघडली, मिटली, आणि खात्यातल्या सात वर्षांच्या नोकरीत कमावलेल्या शांतपणाने म्हणाल्या, "सूत्रधार नाही, काका. सूत्रकृमी. किडा आहे तो. मुळात राहतो."

"किडा?"

"हो."

"केवढा?"

"डोळ्याला दिसत नाही."

"मंग धरला कसा?" वामनरावांना हे अजिबात पटलं नाही. अख्खं घर फुटायची वेळ आली होती आणि आता किडा म्हणे.

मयुरी मॅडम सरळ मागच्या दारातून बांध्यांकडे निघाल्या आणि सगळे त्यांच्या मागे. वड्याच्या कढईखालचा जाळ तेवढा उर्वशीने ओढून घेतला. आधी तिच्या बांधीतलं झाड उपटलं. गळासारखी वळलेली मुळं, गाठी. मग मयुरी मॅडम मुखरूभाऊंच्या बांधीत उतरल्या. तिथे धान गुडघ्याएवढं हिरवं होतं, पाणी भरून होतं.

"माह्या धानाले हात नाई लावायचा," मुखरूभाऊ म्हणाले, पण तोवर उर्वशीने उपटलं होतं. तिने मुळं पाण्यात झाडली आणि सासऱ्याच्या हातात दिली. टोकं वळलेली होती. कमी होती, पण होती.

मग वामनरावांच्या बांधीतलं. तेच.

"तुमच्याकडं पाणी साचून आहे अन् वरून युरिया. म्हणून वरून दिसत नाही," मयुरी मॅडम म्हणाल्या. "उर्वशीताईनं पाणी मधे मधे आटू दिलं. सुकल्या मातीत हा किडा जोर धरतो. तिच्याकडं आधी दिसला, एवढंच. आला सगळ्यांकडं एकाच ठिकाणाहून. पऱ्हे कुठी टाकता?"

कय्यूमभाईंनी हात वर करून बोडीच्या वरच्या अंगाला दाखवलं.

"किती वर्षं?"

"अडतीस," उर्वशी म्हणाली.

मयुरी मॅडमनी तिथली माती उकरली, रोवण्यातून उरलेले चार पऱ्हे उपटले. त्यांच्या मुळांना वळायलाही जागा उरली नव्हती, नुसत्या गाठीच होत्या. मग त्या धुऱ्यावर बसल्या आणि सांगत गेल्या. सध्या सगळ्या बांध्यांत पाणी बांधून ठेवा, आटू देऊ नका. निंबोळीची ढेप, म्हणजे पेंड, टाका. पुढच्या साली पऱ्हे दुसरीकडे. इथे धान कापलं की मोहरी पेरा, उन्हाळ्यात नांगरून तापू द्या. एक-दोन वर्षं धानाचं बी या तुकड्यात पडू देऊ नका. इथली माती कुठेही नेऊ नका, मूठभरसुद्धा. ट्रॅक्टर इथून निघाला की धुवा.

"अन् जहर?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"जहरानं हा पुरता मरत नाही, भाऊ. त्याच्यासोबत जमिनीतलं चांगलं तेवढं मरते."

सांगता सांगता त्या फॉर्म भरत होत्या. मुखरूभाऊ त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. प्रादुर्भावाचे उगमस्थान, असा एक रकाना होता आणि त्याच्यापुढे मयुरी मॅडमनी, घरातले म्हणतात तसंच, लिहिलं होतं: झिंगूआजाची बांधी.

मुखरूभाऊंनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे माहा बाप सूत्रधार हाये का?"

मयुरी मॅडम गडबडल्या. "तसं नाही, भाऊ, ते फक्त जागेचं नाव..."

"सरकारी कागदावर रोगाच्या पुढं माह्या बापाचं नाव लिहिलं तुम्ही."

मुखरूभाऊंनी पायातली चप्पल काढायला वाकल्यासारखं केलं, पण पाय अनवाणीच होते. तसेच ते बांधीच्या कडेला बसून राहिले. अडतीस वर्षं या तुकड्यात ते चप्पल काढून शिरले होते. बाप गेला त्या वर्षी रोवण्याआधी इथेच नारळ फोडला होता. उर्वशीला वाटलं, हा माणूस आता रडेल किंवा कोणाला तरी मारेल. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी तिला विचारलं, "सूनबाई, हे तुले आधीपासून माहीत होतं?"

"गाठी दिसल्या होत्या. कुठून आल्या ते माहीत नव्हतं, मामाजी." तिने ओले हात पदराला पुसले. "सूत्रकृमी हा शब्द मात्र माहीत होता. सकाळी फोन आला तेव्हाच कळलं मला. बोलले नाही."

प्रफुलने तिच्याकडे पाहिलं. वामनरावांनी तर असं पाहिलं की तपास पुन्हा सुरू होतो की काय. "म्हणजे माहा धुरा फुकटातच गेला?"

"अन् दुसरं," उर्वशी म्हणाली, "माझ्या बांधीत युरिया पडला. चिमूटही नाही असं ठरलं होतं. शब्द मोडला."

"कोणी टाकला?"

"तुमच्या पोरानं."

"मंग मोडला कोणी?" मुखरूभाऊंनी विचारलं आणि उत्तर न ऐकता पुढे म्हणाले, "पण सकाळी ठरलं हाये. बांधी काढून..."

"काय ठरलं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले तं काही आठवत नाई. भाऊजी, तुमाले?"

वामनरावांनी वहिनीकडे पाहिलं, धुऱ्याकडे पाहिलं, आणि कोणाच्या बाजूने राहण्यात आता शहाणपण आहे याचा झटपट विचार केला. "सकाळी? सकाळी मी ढिगावर होतो."

"प्रफुल?"

प्रफुलने खिशात हात घातला, मोबाइल काढला नाही. "काही ठरलं नाई, बाबा," तो तोंडाने म्हणाला. घरच्यांनी त्याचं मत असं आवाजात ऐकलं ते लग्नानंतर पहिल्यांदा.

मुखरूभाऊ एकटे पडले. एक तर बाप चुकला म्हणायचं, नाही तर सून. बाप चुकला हे त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं, आणि सून चुकली नाही हे त्यांच्या हातातल्या मुळावर दिसत होतं. मुळं त्यांनी अजून टाकली नव्हती. बराच वेळ ते त्या गाठींवरून अंगठा फिरवत राहिले.

"कागद आण," ते उर्वशीला म्हणाले. "अर्ज करायचा हाये."

मयुरी मॅडमनी घड्याळ पाहिलं. मुखरूभाऊंचे अर्ज तालुक्याला माहीत होते.

"बाबा, कशाचा अर्ज?" प्रफुल कळवळला. "किड्यावर अर्ज चालत नाई."

"आजवर सत्तावीस अर्ज केले मी," मुखरूभाऊ म्हणाले. "एकाचाबी निकाल नाई आला. रानडुकराचा नाई, बोडीच्या पाळीचा नाई. पण एक गोष्ट समजली. जे प्रकरण प्रलंबित हाये त्याले कोणी हात लावत नाई. मी मेलो तरी नाई लावत. लिही, सूनबाई. तुहं अक्षर चांगलं हाये."

उर्वशी धुऱ्यावर बसली. मयुरी मॅडमनी फाइल आधाराला दिली. कय्यूमभाई साक्षीदार म्हणून थांबले. वडा मागायचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. मुखरूभाऊ सांगत गेले आणि ती लिहीत गेली. शेवटच्या कलमापाशी तिचा पेन अडला. तिने मान वर करून सासऱ्याकडे पाहिलं. ते बोडीकडे बघत होते.

"काऊन थांबली? पुढं लिही," ते म्हणाले.

तिने लिहिलं.

प्रति,
मा. तालुका कृषी अधिकारी साहेब.

विषय: मय्यत इसमास आपली बाजू मांडण्याची संधी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्ज सादर करण्यात येतो की, मी अर्जदार मुखरू झिंगू दडमल, राहणार मौजा खैरबोडी. आपल्या कार्यालयाच्या फॉर्मवर रोगाचे उगमस्थान म्हणून माझे वडील कै. झिंगू दडमल यांचे नाव नमूद झाले आहे. असे नमूद करण्यापूर्वी मय्यतास कोणतीही नोटीस देण्यात आली नाही व त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले नाही. करिता,

१. मय्यतास समक्ष हजर राहून आपले म्हणणे मांडण्यासाठी योग्य ती तारीख देण्यात यावी.

२. सदर किडा कोणाच्या सांगण्यावरून मुळात शिरला याची त्या किड्याकडेही विचारपूस व्हावी.

३. मय्यत समक्ष हजर होईपर्यंत पऱ्ह्याची बांधी व तिला लागून असलेली दीड एकर बांधी, धुरा मूळ जागी धरून, अर्जदाराची सून सौ. उर्वशी प्रफुल दडमल हिच्याच ताब्यात राहावी, तिने त्यात मोहरी पेरावी किंवा तिला समजेल ते करावे, व घरातील कोणत्याही इसमाने, चांगल्या हेतूनेसुद्धा, तेथे हस्तक्षेप करू नये.

तरी मय्यत स्वतः हजर झाल्याशिवाय या प्रकरणात कोणताही निकाल देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.